मारकड बाईंचा थांबणारा पाठ

"हे फुलपाखरू कशाला?"

मारकड बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी तेव्हा धाराशिवला एका शिक्षण कार्यालयात नव्यानं लागलो होतो, कंत्राटी तंत्रसहायक म्हणून. त्याआधी सात वर्षं लग्नांचं शूटिंग करायचो. शाळांसाठी व्हिडिओ पाठ करायची योजना आली, कॅमेरा आणि कॉम्प्युटर येणारा माणूस हवा होता, म्हणून मला घेतलं. शिकवण्यातलं मला काही कळत नव्हतं, पण व्हिडिओ भरगच्च कसा करायचा ते चांगलं कळत होतं. फुलाच्या भागांवरचा पहिला पाठ मी जीव ओतून केला. मागं बासरी, पाकळ्या गिरक्या घेत येतायत, प्रत्येक नाव चमचमत खाली उतरतंय, आणि एक निळं फुलपाखरू कोपऱ्यातून निघून सगळ्या पडद्यावरून उडत जातंय. साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो दोनदा लावून बघितला.

बाई त्याच दिवशी प्रतिनियुक्तीवर हजर झाल्या होत्या. म्हणजे नेमणूक परंडा तालुक्यातल्या एका छोट्या गावच्या शाळेवर, पण काम इथं, पाठ करायचं. वय पन्नाशीच्या अलीकडचं, ठेंगण्या, काटक, उन्हानं रापलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पाठ उभ्यानंच पाहिला आणि फुलपाखराचं विचारलं.

"चांगलं दिसतंय म्हणून टाकलं," मी म्हणालो.

"व्हय, दिसतंय तर लई चांगलं. चला, पोरांला दाखवून बघू."

कार्यालयापासून चालत पाच मिनिटांवर एक शाळा होती. चौथीच्या वर्गात आम्ही लॅपटॉप ठेवला. मी पडद्याच्या बाजूला उभा राहिलो, लग्नाचा अल्बम घरच्यांपुढं पहिल्यांदा उघडताना राहायचो तसा. बाई मात्र पाठ पाहायला बसल्याच नाहीत. त्या खिडकीकडं पाठ करून, पोरांकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत पोरांचे डोळे बघत राहिल्या. पाठ संपल्यावर त्यांनी विचारलं, "काय बघितलं रं?"

"फुलपाखरू!" सगळा वर्ग एकदम.

"आन फुलाचं काय बघितलं?"

पोरं एकमेकांकडं बघू लागली. मग एक मुलगी उठली. "बाई, त्या फुलावर फुलपाखरू बसलंच न्हाय."

परत येताना मी मान खाली घालून चालत होतो. बाई म्हणाल्या, "त्यांचं काय चुकलं न्हाय, फोटोवाले. तुम्ही जे हलवलं ते त्यांनी बघितलं." आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी बसून त्यांनी त्या पाठातून एकेक वस्तू काढायला लावली. आधी फुलपाखरू. मग बासरी. मग गिरक्या. नावं खाली एका ओळीत होती, ती उचलून ज्या त्या भागाला चिकटवली. शेवटी पडद्यावर एक जास्वंदीचं फूल उरलं आणि मागं बाईंनी नव्यानं भरलेला आवाज. मला ते अगदी ओकंबोकं वाटलं. दुसऱ्या दिवशी तोच पाठ शेजारच्या तुकडीला दाखवला, तर पोरं पुंकेसर कुठला आणि स्त्रीकेसर कुठला, ते बोट लावून सांगत होती.

बाईंचे वडील, त्या त्यांना दादा म्हणायच्या, मेंढरं राखायचे. लहानपणी वर्षातले काही महिने त्या त्यांच्याबरोबर हिंडल्या होत्या. त्याबद्दल त्या फार बोलत नसत, पण एकदा मी विचारलं की तुम्ही पडदा सोडून पोरांकडंच का बघता, तेव्हा म्हणाल्या, "आमचे दादा रस्त्याकडं कधी बघायचे न्हाईत. मेंढराच्या मानंकडं बघायचे. म्हणायचे, मान कुठं वळली ते बघ, म्हंजे पुढं काय व्हणार ते कळतं. पोरांचंबी तसंच हाय. तोंडानं 'व्हय बाई' म्हणतेत, पण मान खरं सांगती."

त्यांच्या त्या कापडी पिशवीत एक झेरॉक्सचं जाडजूड बाड असायचं. कधी तरी पुण्यात झालेल्या प्रशिक्षणात मिळालेलं, माणूस चित्रातून आणि आवाजातून कसा शिकतो यावरच्या संशोधनाचं. सगळं इंग्रजीत. बाईंचं इंग्रजी बेताचं होतं. त्यांनी शब्दकोश घेऊन दोन वर्षांत ते ओळीओळीनं वाचलं होतं आणि समासात पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं. एका पानावर सबंध परिच्छेदाशेजारी फक्त इतकंच होतं: "ओंजळ लहान आहे. हळू ओता." दुसऱ्या पानावर: "आधी नावं सांगा, मग गोष्ट सांगा." आणि एके ठिकाणी, जरा रागानं लिहिल्यासारखं: "हे मला पंचवीस वर्षांपूर्वी का नाही सांगितलं?"

आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे तळमजल्यावरची जुन्या फायलींची खोली. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून तिची एकुलती एक खिडकी फळ्या ठोकून बंद केलेली. भिंतींना वाकळी टांगलेल्या. आवाज घेताना पंखा बंद करावा लागे. एप्रिलमध्ये बाई त्या खोलीतून बाहेर यायच्या तेव्हा पाण्यातून काढल्यासारख्या दिसायच्या. दारातच उभ्या राहून डोळे मिटून दोन-तीन मोठे श्वास घ्यायच्या, आणि परत आत.

रेकॉर्डिंगला त्या मला समोर स्टुलावर बसवायच्या. "मला मशीनशी बोलता येत न्हाय," म्हणायच्या. "तू चौथीत हाय असं समज." तोवर त्यांच्या तोंडी मी फोटोवाल्याचा प्रवीण झालो होतो. माझा चेहरा कुठं गोंधळला की त्या तिथंच थांबायच्या आणि ते वाक्य बदलायच्या. 'पाण्याचे बाष्पीभवन होते' असं पुस्तकातलं वाक्य आलं की एकदा वाचायच्या, माझ्याकडं बघायच्या, आणि मग म्हणायच्या, "तुझ्या आईनं धुणं वाळत घातलं. दुपारी हात लावलास, तर कोरडं. मग त्यातलं पाणी गेलं कुठं?" मी खरंच विचारात पडायचो. अपूर्णांक मला त्या खोलीत, तिसाव्या वर्षी कळले.

स्वतःचा चेहरा मात्र त्यांनी पडद्यावर येऊ दिला नाही. "पोरं माझी साडी बघत बसतील. त्यांनी बल्ब बघायचाय."

साहेबांशी त्यांचं पहिलं वाजलं ते अक्षरांवरून. साहेब माणूस वाईट नव्हता. वरचे लोक दर महिन्याला किती व्हिडिओ झाले त्याची यादी मागायचे आणि तो बिचारा ती भरण्यात बुडालेला असायचा. त्याला वाटलं, बाई जे बोलतात ते सगळं पडद्यावर लिहूनही यावं, म्हणजे पाठ भरीव दिसेल. बाईंनी वाद घातला नाही. टेबलावरचं एक परिपत्रक उचलून साहेबांच्या हातात दिलं. "साहेब, हे जरा मनात वाचा." साहेब वाचू लागले, तशा बाई त्यांच्या मागं उभ्या राहून तेच परिपत्रक मोठ्यानं, सावकाश वाचू लागल्या. साहेबांचे डोळे पुढं गेलेले, बाईंचा आवाज मागं. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. साहेब वैतागले. "थांबा हो बाई! वाचू तर द्या मला!"

बाई थांबल्या. "पोरांना असं म्हणता येत न्हाय, साहेब."

साहेब मोठ्यानं हसले. त्या दिवसापासून ते बाईंना मानायला लागले. बाईंचा हा विजय मला तेव्हा फार मोठा वाटला होता. तोच त्यांना नडला.

कारण बाईंच्या आदेशात लिहिलं होतं, 'पुढील आदेशापर्यंत'. त्यांना सांगितलं होतं एका वर्षाचं. वर्ष संपलं, बाईंनी अर्ज दिला, मूळ शाळेवर परत पाठवावं म्हणून. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं काम करणारं दुसरं माणूस दाखवा, उद्या सोडतो." दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच. बाईंनी एक बाई आणि एक गुरुजी तयार केले, स्वतः बसून शिकवलं. ते दोघं ओळखी लावून सहा महिन्यांत आपापल्या गावी निघून गेले. बाईंची ओळख कुणाशीच नव्हती. त्या जितका चांगला पाठ करायच्या, तितका त्यांच्या सुटकेचा कागद लांब जायचा. हे त्यांनाही कळत होतं. एकदा मी म्हणालो, "बाई, चार पाठ मुद्दाम वाईट करा. सोडतील." त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या की मला लाज वाटली.

"आन ते चार पाठ जी पोरं बघतील, त्यांनी काय करायचं?"

शनिवारी त्या परंड्याला घरी जायच्या, सोमवारी पहाटेची एसटी धरून बार्शीवरून यायच्या. आल्या की आधी आस्थापनेच्या क्लार्कच्या टेबलाशी. "माझं काय आलं का?" तो फाइलमधून मान न उचलता म्हणायचा, "न्हाय बाई." मग त्या आमच्या खोलीत यायच्या, पिशवी खुंटीला लावायच्या, पंखा बंद करायच्या आणि दार आतून लावून घ्यायच्या. त्या दाराचा आवाज मला हळूहळू नकोसा झाला होता.

तिसऱ्या वर्षी पाठ शाळांमध्ये कसे वापरले जातात ते पाहायचं ठरलं आणि यादीत त्यांच्याच शाळेचं गाव आलं. इतक्या दिवसांत बाई त्या शाळेत गेल्या नव्हत्या. रविवारी शाळा बंद, आणि खरं म्हणजे त्यांना तिथं पाहुणी म्हणून जायचं नव्हतं. त्या दिवशी सकाळी त्यांनी दोनदा पदर सारखा केला.

शाळेला दोनच खोल्या. शिक्षक दोन मंजूर होते, पण बाईंची जागा कागदावर भरलेली, त्यामुळं त्यांच्या बदली दुसरं कुणी दिलेलं नव्हतं. हे बाईंना माहीत होतं. पण माहीत असणं निराळं. उरलेले एकटे गुरुजी एका खोलीत पहिली-दुसरीला अक्षरं शिकवत होते. दुसऱ्या खोलीत, म्हणजे बाईंच्या वर्गात, तिसरी-चौथीची पोरं टीव्हीसमोर ओळीनं बसली होती. शिक्षक कुणी नव्हतं. टीव्हीतून बाईंचा आवाज येत होता.

बाई दारातच थबकल्या. आत त्यांचाच आवाज सांगत होता, "भाकरीचे चार सारखे तुकडे केले. त्यातला एक तू खाल्लास." पोरं गप्प बसून ऐकत होती. गुरुजी धावत आले, ओशाळले. "काय करू बाई, चार वर्ग हायेत. टीव्ही लावला की एवढी खोली तरी शांत बसती. तुमचे पाठ हायेत म्हणून निभतंय."

"तुमचं काय चुकलं न्हाय, गुरुजी," बाई म्हणाल्या. त्यांनी टीव्ही बंद केला आणि पोरांना म्हणाल्या, "बसा बाळांनो, बसा."

पुढच्या ओळीतली एक तिसरीतली मुलगी चटकन उभी राहिली. ती शाळेत आली त्याच्या आधीच बाई गेल्या होत्या, तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती एकदा टीव्हीकडं आणि एकदा बाईंकडं बघत म्हणाली, "टीव्हीतल्या बाई!"

सगळे हसले. बाईही हसल्या. "व्हय, म्याच ती. कळतं का गं माझं?"

मुलगी जरा घुटमळली. मग तिनं सरळ तक्रार केली. "कळतं. पर म्या हात वर करते, तर तुम्ही बघतच न्हाय. तसंच बोलत जाता."

बाईंनी तिला जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काय विचारायचं होतं?" तिला विचारायचं होतं की आठचा आकडा चारापेक्षा मोठा असताना एकअष्टमांश तुकडा एकचतुर्थांशपेक्षा लहान कसा. बाईंनी गुरुजींच्या डब्यातली भाकरी मागून घेतली. त्या दिवशी आमची पाहणी झालीच नाही. बाई शाळा सुटेपर्यंत त्या वर्गात बसून होत्या.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या.  बार्शीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "प्रवीण, म्या त्या वर्गाच्या दारात आडवी पडलीय. माझ्या नावामुळं तिथं माणूस येत न्हाय, आन माझा आवाज हाय म्हणून कुणाला त्याची गरज वाटत न्हाय."

 

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाठांची घडणच बदलली. एका पाठाचे तीन-चार लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पाठ थांबला पाहिजे. आपोआप पुढं जायचा नाही. पोरांनी एकमेकांत बोलायचं, गुरुजींनी ऐकायचं, मग कुणी तरी बटण दाबल्यावरच पुढचं. बाडात हे होतंच, माणसाला घास गिळायला वेळ द्यावा, अशा अर्थाचं. समासात पेन्सिलीची खूणही होती. "वाचलं होतं म्या," त्या म्हणाल्या. "पर त्या पोरीनं सांगितल्यावर कळलं."

पहिला थांबणारा पाठ विजेच्या मंडलाचा केला. सेल, वायर, बल्ब. आधी तिघांची ओळख. मग वायरी जोडल्या, पण बल्ब लागत नाही. बाईंचा आवाज विचारतो, "का बरं लागला नसंल? चित्र नीट बघ. शेजारच्याला सांग." आणि पडद्यावर नुसतं चित्र. शांतता. आम्ही तो पाच शाळांत नेला. प्रत्येक ठिकाणी त्या शांततेत आधी कुजबुज व्हायची, मग भांडण, मग कुणी तरी पडद्यापर्यंत धावत जाऊन सुटलेल्या वायरीवर बोट ठेवायचं. बाई कोपऱ्यात उभ्या राहून माना बघत असायच्या. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

मग वरचे अधिकारी आले. सभागृहात मोठा पडदा, हारतुरे, पहिल्या रांगेत खुर्च्यांवर पांढरे टॉवेल. साहेबांनी मोठ्या अभिमानानं बाईंचा नवा पाठ लावायला सांगितला. सगळं झकास चाललं होतं. बाईंचा आवाज म्हणाला, "का बरं लागला नसंल?" आणि पाठ थांबला.

दहा सेकंद. वीस सेकंद. सभागृहात खोकले सुरू झाले. साहेब माझ्याकडं वळून दबक्या आवाजात म्हणाले, "अडकला का रे?" एक शिपाई घाईनं वायर हलवायला उठला.

बाई मागच्या रांगेतून उभ्या राहिल्या. "अडकला न्हाय साहेब. उत्तराची वाट बघतोय."

पहिल्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याला वाटलं आपण काही तरी बोललं पाहिजे. ते म्हणाले, "सेल उतरला असेल." मागं कुणी तरी फिसकन हसलं. वायर सुटलेली तर चित्रात स्पष्ट दिसत होती. त्या अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला. साहेबांचा त्याहून जास्त.

संध्याकाळी साहेबांनी आम्हाला बोलावलं. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते. "बाई, थांबे काढा. सलग पाठ करा, सात मिनिटांचा. सुरुवातीला स्वागतगीत घाला, माझं मनोगत घाला. मार्चअखेर यादी पूर्ण करायची आहे मला."

"मग मला सोडा साहेब. हे दुसरं कुणीबी करंल."

"तुम्हाला सोडलं तर आवाज कुणाचा देऊ?"

 बाई "बरं" म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. मी मागोमाग गेलो तर त्या अंधारातच बसल्या होत्या. दिवाही लावलेला नव्हता. त्यांची पाठ इतकी वाकलेली मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, संपलं आता. आता या सांगतील तसं करत जातील.

पुढचे तीन महिने त्यांनी सांगितलं तसं केलं. स्वागतगीत आलं, मनोगत आलं, पाठ सलग झाले. पण प्रत्येक पाठात, मनोगत संपून बराच वेळ गेल्यावर, जिथं आधी थांबा असायचा तिथं, बाईंचा आवाज अगदी त्याच सुरात म्हणायचा, "गुरुजी, आता मला बंद करा आणि पोरांना विचारा." आणि पुढं, "पोरांनो, गुरुजी इथं नसतील तर शेजारच्या खोलीत जा. गुरुजींना बोलावून आणा. सांगा, टीव्हीतल्या बाईंनी बोलावलंय."

हे वाक्य पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तेव्हा मी स्टुलावर होतो. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं. "काढू का हे?" मी विचारलं.

"तुला काढायचं असंल तर काढ," त्या म्हणाल्या. "म्या सांगणार न्हाय."

मी काढलं नाही. साहेब प्रत्येक पाठ तपासायचे, पण आपलं मनोगत संपलं की पुढं बघत नसत. असे अठरा-वीस पाठ शाळांमध्ये गेले. मग फोन यायला लागले. काही गुरुजी हसत करायचे, काही चिडून. भूम तालुक्यातल्या एका बाईंनी सांगितलं की पोरं खरंच हात धरून ओढून नेतात, दुसऱ्या वर्गातून. "लई त्रास देता हो तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "पण चाललंय ते बरं चाललंय."

शेवटी ते वर गेलंच. सरकारी पाठच सांगतो की मला बंद करा, ही बातमी कुणी तरी पोचवली. बाईंकडून लेखी खुलासा मागवला. साहेबांनी त्यांना आत बोलावून सांगितलं, "लिहा की चूक झाली, नजरचुकीनं राहिलं. मी सांभाळून घेतो." त्यांना खरंच बाईंना वाचवायचं होतं. बाईंनी माझ्याच टेबलावर बसून खुलासा लिहिला. एक पानही भरलं नाही. 'पाठ मी तयार केले आहेत. ते वाक्य मी जाणीवपूर्वक घातले आहे. आवाजाला प्रश्न ऐकू येत नाहीत. ज्यांना ऐकू येतात त्यांना बोलावणे मला आवश्यक वाटले.' खाली सही. माझं नाव त्यात कुठंही नव्हतं.

पंधरा दिवसांनी आदेश आला. प्रतिनियुक्ती रद्द, आणि प्रशासकीय कारणास्तव बदली. परंड्याला नव्हे, उमरगा तालुक्यात, मुरुमच्या पुढं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. घरापासून सगळ्यात लांब जे होतं ते. क्लार्कनं यावेळी मान वर करून कागद दिला आणि काही तरी सांत्वनाचं बोलू लागला. बाईंनी त्याला मध्येच विचारलं, "म्हंजे माझी आधीची जागा आता रिकामी झाली ना? तिथं माणूस देता येईल?"

"येईल की. उद्या प्रस्ताव जाईल."

बाईंनी कागदाची घडी घातली. "मग झालं तर."

त्या दिवशी दुपारीच त्या निघाल्या. मी स्टँडपर्यंत पिशवी घेऊन गेलो. त्यांनी ते झेरॉक्सचं बाड मला देऊ केलं. मी नको म्हणालो, मला इंग्रजी येत नाही म्हणून. "समासात मराठी हाय," त्या म्हणाल्या. मग स्वतःच विचार बदलून बाड परत पिशवीत ठेवलं. "न्हाय, राहू दे. मलाच लागंल."

महिनाभरानं परंड्याकडच्या त्या शाळेला एक तरुण शिक्षिका मिळाल्याचं कळलं. माझं कंत्राटही मार्चला संपलं आणि मी पुन्हा लग्नांकडं वळलो. आता माझ्या व्हिडिओंत उडती फुलं नसतात. काही गिऱ्हाइकं त्यावरून कुरकुरतात.

गेल्या हिवाळ्यात मुरुमला एका लग्नाचं काम आलं. हळदीला अवकाश होता, म्हणून दुपारी मोटारसायकल काढून बाईंची शाळा शोधत गेलो. गावात घरोघरी कानडी. शाळेच्या आवारात एक कडुलिंब. वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या. मी खिडकीतून डोकावलो.

बाई फळ्याशी नव्हत्या. पोरांनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलं होतं आणि त्या मध्ये जमिनीवर बसून परातीतल्या पाण्यात एकेक वस्तू सोडत होत्या. बटण, काडी, खडू. पाण्याला पोरं 'नीरु' म्हणत होती आणि बाईही 'नीरु' म्हणत होत्या, पण त्यांचा उच्चार कुठं तरी चुकत होता. प्रत्येक वेळी पोरं हसायची आणि एक लहानगी त्यांच्या तोंडाकडं बोट करून तो शब्द पुन्हा म्हणून दाखवायची. बाई पुन्हा म्हणायच्या. पुन्हा चुकायचं. पुन्हा हशा.

तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. मला ओळखलं, चेहरा फुलला. हाताचा पंजा दाखवून खूण केली, पाच मिनिटं. मी मान हलवली आणि कडुलिंबाखाली जाऊन बसलो.

आतून गलका येत राहिला. बुडतं, न्हाय बुडत, बुडतं. मी अर्धा तास बसलो, पाऊण तास बसलो. मग नवऱ्यामुलाकडच्यांचा फोन आला, हळद कालवली होती. मी उठून पुन्हा एकदा खिडकीशी गेलो. बाई गुडघ्यावर रेलून परातीत वाकल्या होत्या, बाह्या भिजल्या होत्या, आणि एक पोरगी त्यांच्या खांद्यावरून पाण्यात बघत होती. मी तिथं आहे हे त्या साफ विसरल्या होत्या. मी हाक मारली नाही. मोटारसायकल फाटकापर्यंत ढकलत नेली आणि रस्त्याला लागल्यावरच सुरू केली.